तिखटात नसलेली वीट

एका बाईच्या तिखटात विटेचा चुरा आहे असं मी गाण्यात म्हटलं, ते गाणं भोंग्याच्या रिक्षेवरून अख्ख्या धुळ्यात फिरवलं, आणि तिच्या तिखटात विटेचा कणसुद्धा नव्हता. एवढीच माझी चूक. "एवढंच झालं हो," असं मी वकिलासमोरही म्हटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पदर सारखा केला.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठी उलटली होती, पण अक्कल अजून यायची होती, म्हणून तरुणच म्हणायचं. आता गुडघे गेलेत आणि थोडी अक्कल आलीय, तर लिहून ठेवते.

आमच्याकडे लग्नात चिडवायची गाणी म्हणतात. नवरदेवाकडची मंडळी जेवायला बसली की नवरीकडच्या बाया ओळीनं उभ्या राहतात आणि विहीणबाईला धरतात. तिची चाल, तिचा रंग, तिची नथ, तिच्या घरची आळणी भाजी, काही सोडत नाहीत. त्यात खरं काही नसतं. असलंच तर ते मुद्दाम टाळतात, कारण खरं लागतं. तिकडच्या बायाही मग उठून आमच्या घरची अब्रू गाण्यात काढतात. ज्या विहिणीवर गाणं होत नाही ती मात्र रुसून बसते. "मला कोणी काहीच म्हटलं नाही, मी काय इथं उगाच आलेय का?" अशी एक रुसलेली बाई मी डोळ्यांनी बघितलीय. तिच्यावर आम्ही घाईघाईनं दोन ओळी जुळवल्या तेव्हा ती जिलबीला हात लावती झाली.

या कामात माझा हात कोणी धरत नसे. शिरपूरपासून जामनेरपर्यंत नात्यात लग्न असलं की पत्रिकेबरोबर निरोप यायचा, अक्काला घेऊनच या. मला वाटायचं माझ्या जिभेवर सरस्वती आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात तर मी कहर केला. बाहेर बाया सासूबाईंवर गाणं म्हणत होत्या आणि मधेच अडल्या. मी मुंडावळ्या बाजूला करून खोलीच्या दारातून पुढची ओळ सांगितली. नवऱ्या मुलीनं त्या दिवशी गप्प बसायचं असतं हे मला पुढे सासूबाईंनी सविस्तर समजावलं. त्या समजावण्याचा परिणाम काही झाला नाही, हे पुढं कळेलच.

माझी सून फैजपूरकडची. केळीच्या बागांतली मुलगी, कामाला वाघीण, बोलायला मोजकी. तिकडची बोली वेगळी. आमच्या अहिराणीतलं 'शे' म्हणजे आहे, 'बठ्ठं' म्हणजे सगळं, 'आठे' म्हणजे इथं आणि 'आखो' म्हणजे आणखी, हे तिला लग्नानंतर कळायला लागलं. तिनं घराच्या मागच्या खोलीत तिखट-मसाल्याचा धंदा काढला. आधी ओळखीत, मग दोन-चार किराणा दुकानांत, मग पाकिटं छापून. पाकिटाच्या नावापायी तिनं जीव टाकला होता. एका वकिलांकडे जाऊन नाव आणि चित्र नोंदवायला दिलं, कारण नंदुरबारकडं कोणीतरी तिच्यासारखंच लाल पाकीट आणि तसलंच उखळाचं चित्र काढून विकत होतं. ती रोज म्हणायची, "आई, लोक आपल्याला पाकिटावरून ओळखतात. ते कोणी उचललं तर आपलं राहिलं काय?" मी मान हलवायची. मनात म्हणायची, पाकिटाचं काय घेऊन बसली ही, तिखट तिखट असलं की झालं.

फाल्गुन संपला की आमच्याकडे घरोघर वर्षाचं तिखट करतात. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची आणि डंकावर न्यायच्या. डंक म्हणजे विजेवर चालणारी मोठी मुसळं. एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं, खाली लोखंडी उखळ. हे दोन-अडीच महिने डंकवाल्यांचे. बाकीचं वर्ष ते हळद आणि धणे कुटत कसंबसं काढतात. सुनेलाही याच दिवसांत पाकिटं खपवायची होती, म्हणून तिनं भोंग्याच्या रिक्षेची जाहिरात ठरवली. पोलिसांची परवानगी काढली, रिक्षेला दोन्ही बाजूंनी फलक लावले. आवाज माझा घ्यायचा ठरलं. का, तर मुलगा म्हणाला, "आईचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जातो. भोंग्याचीही गरज नाही."

सुनेनं कागदावर चार ओळी लिहून दिल्या. शुद्ध मिरची, नंदुरबारचा माल, घरगुती चव, अमुक दुकानात मिळेल. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती पाकिटांचा छापखाना बघायला जळगावला गेली. मी आणि मुलगा पाचकंदील चौकाजवळच्या एका माडीवर गेलो. तिथं एका पोरसवदा माणसानं भिंतींना गाद्या ठोकून खोली केली होती. माझ्या तोंडासमोर माइक धरला. मी कागद वाचला. तो म्हणाला, "आजी, झोप येतीय. जरा काही मजा करा ना, अहिराणीत."

झालं. मला कोणी मजा करा म्हणावं! मी कागद कमरेला खोचला आणि लग्नात उभी राहते तशी उभी राहिले. पहिल्या दोन ओळी आमच्या तिखटावर झाल्या.

आमनं तिखट खाशी,
बोटे चाटत राहशी!

मग गाणं पुरं व्हायला समोर विहीण नको का? समोर कोणी नसेल तर चिडवायचं कोणाला? तर आमच्या घरापासून थोडं पुढं, आग्रा रोडवर एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एका बाईचा डंक होता. चांगला चालायचा. मी चार दिवसांपूर्वी तिथून जाताना दाराशी विटा रचलेल्या बघितल्या होत्या. ती गिऱ्हाइकांना बसायला ओटा बांधून घेत होती. लाल विटा, लाल तिखट. माझ्या डोक्यात ओळ तयार.

जिनाखाले डंक, तिखट लालेलाल,
इटना चुरा त्यामा, भाजीना बेहाल!

गाद्यावाला पोट धरून हसला. मुलगाही हसला. त्याचं हसू अर्ध्यात थांबलं होतं हे मला आता आठवतं; तेव्हा मी टाळ्या ऐकण्यात होते.

रिक्षा सुटली. आग्रा रोडवरून, देवपुरातून, मोगलाईतून, बाजाराच्या दिवशी तर दोन-दोन फेऱ्या. लोक थांबून ऐकत. भाजीवाल्या माझ्याबरोबर ओळ पुरी करत. सून जळगावहून आली तोवर सगळं शहर म्हणत होतं. तिनं घरात पाऊल टाकलं आणि रिक्षा दारावरून गेली. पिशवी हातातच.

"आई, हे काय आहे शेवटी?"

"गाणं आहे."

"विटेचं काय म्हणालात तुम्ही?"

"अगं चिडवणं आहे ते. लग्नात म्हणतो तसं. कोणाला खरं वाटणारे?"

 ती मुलाकडं वळून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता रिक्षेवाल्याला फोन लाव." रिक्षेवाला सुरतेकडं उधन्याला की कुठं भाचीच्या साखरपुड्याला गेला होता, रिक्षा त्याचा चुलतभाऊ फिरवत होता, त्याचा फोन लागेना. रिक्षा आणखी दीड दिवस फिरली. त्यात कोणीतरी ते मोबाइलमध्ये घेतलं आणि पाठवलं. धुळ्याचं पाठवलेलं सुरतेला पोचायला वेळ लागत नाही. निम्मा खानदेश तिकडं कामाला आहे.

दोन दिवसांनी सुरतेहून माझ्या भावजयीचा फोन. मला वाटलं कौतुकाला केलाय.

"अक्का, गाणं भारी झालंय हो! पण ती जिन्याखालची म्हणजे तीच ना, जिच्याकडून आम्ही दरवर्षी तिखट मागवतो?"

"हो, तीच. चांगली बाई आहे."

"चांगली कसली! आम्ही सांगून टाकलं तिला, यंदा नको म्हणून. इथं आमच्या अपार्टमेंटमधल्या सगळ्यांनीच सांगितलं. बरं झालं तुम्ही उघड केलंत."

"अगं, मी काही उघड नाही केलं! ते गाणं होतं!"

"हो ना, म्हणूनच तर सगळ्यांना कळलं."

फोन ठेवला तेव्हा शेगडीवरचं दूध उतू गेलं होतं.  मी आयुष्यभर ज्या बायांमध्ये उभी राहून गायले, त्यांना सगळ्यांना नियम माहीत होता. भोंग्याला नियम माहीत नव्हता. ओटा बांधायच्या विटा तर आग्रा रोडला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी बघितल्या होत्या. "हो की, दारातच तर पडल्यात," म्हणत लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या होत्या.

आठवड्यात नोटीस आली. सुनेनं वाचली आणि माझ्या हातात दिली. बाईनं आपल्या तिखटाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली होती, तो अहवाल जोडला होता. त्यात मिरचीशिवाय काही नव्हतं. नोटिशीत लिहिलं होतं की खोटी जाहिरात करून आमच्या अशिलाच्या मालाची आणि नावाची बदनामी केली, ती ताबडतोब बंद करा, जाहीर माफी मागा, नाहीतर फौजदारी आणि दिवाणी दोन्ही दावे लावू. नाव सुनेचं होतं, कारण धंदा सुनेच्या नावावर. मी गायले आणि आरोपी ती.

आम्ही त्याच वकिलांकडे गेलो, ज्यांच्याकडे सुनेनं स्वतःचं नाव राखायला दिलं होतं.

"गाण्यात नक्की काय म्हटलंय ते म्हणून दाखवा," वकील म्हणाले.

मी म्हणून दाखवलं. सवयीनं चालीत म्हटलं, हातवारेही झाले. कोपऱ्यातला त्यांचा कारकून खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. सून जमिनीकडं बघत होती.

"नाव घेतलंय का मी कोणाचं?" मी जोरात विचारलं. हा मुद्दा मी घरून तयार करून आणला होता.

"आजी, जिन्याखाली डंक धुळ्यात किती आहेत?"

"एकच आहे."

"मग नाव घ्यायचं राहिलं कुठं? ऐकणाऱ्याला माणूस कळला की पुरे असतं."

"पण विटा होत्या हो तिच्या दारात! मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या."

"कशाला होत्या?"

"ओटा बांधत होती."

वकिलांनी डोळे मिटले.  "हे बाहेर कुठं बोलू नका. म्हणजे तुम्हाला माहीत होतं की त्या विटा ओट्याच्या आहेत, आणि तरी तिखटात आहेत म्हणालात."

"लग्नात आम्ही याच्या दुप्पट म्हणतो, साहेब. विहिणीच्या वरणात पाल पडली म्हणतो. कोणी नोटीस नाही पाठवत."

"लग्नात तुम्ही गाता तेव्हा त्या विहिणीचं वरण विकत घ्यायला कोणी निघालेलं असतं का?"

 

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. आमचं तिखट जगात एक नंबर म्हणा, देव खाली उतरून चाखून जातो म्हणा, कोर्ट त्याला दुकानदाराची बढाई समजतं, कोणी अडवत नाही. पण दुसऱ्याचं वाईट आहे म्हणालात, तर ते खरं असल्याचं तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आणि आपला माल खपवायला म्हटलंत, तर चेष्टेत म्हटलं हे सांगून सुटका होत नाही. पुढं पसरवणारेही जबाबदार, पण उगम तुमच्या रिक्षेत आहे.

सुनेनं तिथं एकच प्रश्न विचारला. "त्यांचं गिऱ्हाईक परत कसं येईल?"

"ते कायद्यात नाही," वकील म्हणाले. "कायद्यात माफी आहे, भरपाई आहे, मनाई आहे."

घरी येताना मी म्हटलं, "पोरी, माझ्यामुळं तुझं नाव कोर्टात जातंय."

"माझं जाईल आणि परत येईल," ती म्हणाली. "तिचा हंगाम चाललाय, आई. तो पुढच्या फाल्गुनाशिवाय येत नाही." आणि मग, तिच्या सगळ्या आयुष्यातलं माझ्याशी बोललेलं सगळ्यात कडक वाक्य: "आपल्या पाकिटाच्या चित्रासाठी मी त्या नंदुरबारवाल्याला चोर म्हणत होते. आपण तर तिचं सगळंच नेलं."

ठरलं असं, की ज्या रिक्षेनं बदनामी केली तिनंच माफी मागायची. तोच आवाज, तेच रस्ते. मजकूर वकिलांनी लिहिला. "आमच्या जाहिरातीत एका मिरची कांडप व्यवसायाबाबत जे विधान करण्यात आले ते निराधार व असत्य असून त्याबद्दल आम्ही बिनशर्त दिलगिरी व्यक्त करतो." मी तो वाचला. चालीशिवाय, हातवाऱ्यांशिवाय, पाटीवर लिहिलेलं वाचावं तसा. गाद्यावाला म्हणाला, "आजी, बरं नाही का तुम्हाला?"

रिक्षा सुटली आणि मी गॅलरीत उभी राहिले. पहिल्या दिवशीच मला कळलं की हे फसतंय. खाली दोन बाया बोलत होत्या.

"काय म्हणतीय ही?"

"माफी मागतीय."

"कशाची?"

"ते विटेचं होतं ना, त्याची."

"मग खरंच काहीतरी असंल. उगाच कोण माफी मागतं? दबाव आणला असंल."

"मला तर ते विटेचं माहीतच नव्हतं. कोणाचा डंक?"

"तो जिन्याखालचा."

म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आम्ही घरपोच सांगत होतो. त्या पुस्तकी वाक्यात कोणाला काही समजत नव्हतं, लोकांच्या तोंडी उरत होतं ते एवढंच, तिखट, वीट आणि जिना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईनंच आपल्या दारासमोर रिक्षा अडवली, चालकाला खाली उतरवलं आणि भोंग्याची वायर ओढली. आमच्या वकिलांना तिच्या वकिलाचा फोन आला: माफी बंद करा. माफी नको म्हणून नोटीस यायची वेळ आमच्यावर आली होती.

मुलगा म्हणाला, "आता कोर्टात जे व्हायचं ते होईल." वकिलांनी निरोप पाठवला की दोन्ही बाजूंचं बोलणं चालू आहे तोवर कोणी कोणाच्या घरी जायचं नाही, काही बोलायचं नाही. निरोपात 'विशेषतः आजींनी' असा शब्द होता.

मी दोन दिवस बोलले नाही. घरात सगळ्यांना वाटलं मला ताप आहे. मी विचार करत होते, आणि विचार करायची सवय नसल्यामुळं वेळ लागला. डंकावर बाया तिखट विकत घेत नाहीत. आपली मिरची घेऊन जातात, समोर बसतात, डोळ्यांदेखत कुटून घेतात. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून बायका उखळात डोकं घालून बघतात. विटेचा चुरा टाकायला तिथं जागाच कुठं? सुरतेला पाठवायचं तिखटही याच उखळात, याच बायांसमोर कुटलं जातं. ज्यांनी बसून बघितलंय त्यांना हे माहीत. पण आता कोणी बसायलाच जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हटलं, "मला घरच्या मिरच्या काढून दे. आपलं वर्षाचं तिखट मी तिच्याकडे कुटून आणते."

ती चाळणी हातात घेऊन थांबली. तिखट विकणाऱ्या घरची म्हातारी दुसऱ्याच्या डंकावर दिसली तर लोक काय म्हणतील हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिच्या पाकिटाचं नाव पुसलं जाऊ शकत होतं, तेही माझ्याच पायांनी.

"वकील नको म्हणालेत," ती म्हणाली.

"मी तिच्याशी बोलायला नाही चाललेय. मिरच्या कुटायला चाललेय. गिऱ्हाईक म्हणून."

ती आत गेली. मला वाटलं रागावली. तर परातभर मिरच्या घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. "देठं काढते मी. तुमच्या हातून अर्धी तशीच राहतात. आणि नंदुरबारच्याच न्या, चांगल्यातल्या. हलकी मिरची नेलीत तर तिखट फिकं निघंल आणि परत तिच्यावरच येईल."

आम्ही दोघींनी मिळून देठं काढली. तिचे हात भराभर चालत होते. शिंका येत होत्या दोघींना, त्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याचं काही सांगावं लागलं नाही.

मी कापडी पिशवी घेऊन भर सकाळी, बाजाराच्या वेळी, आग्रा रोडनं चालत गेले. रिक्षा केली नाही. रिक्षांचं आणि माझं तेव्हा पटत नव्हतं. नवा ओटा बांधून झाला होता, वर एक लाकडी बाक ठेवला होता, आणि बाकावर दोन बाया होत्या. मागच्या वर्षी याच दिवसांत तिथं उभं राहायला जागा नसायची.

डंकवाली पन्नाशीची असेल. डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत लाल. तिनं मला बघितलं. मुसळं चालूच ठेवली. मी पिशवी रांगेत ठेवली आणि बाकाच्या टोकाला बसले. तिनं "या" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. माझ्या पिशवीकडं बघितलं, मिरची हातात घेऊन मोडली, हुंगली, परत टाकली.

"नंदुरबारनी," ती स्वतःशीच म्हणाली.

"हो."

बाकावरची एक बाई माझ्याकडं टक लावून बघत होती. मग दुसरीला कोपर मारलं.

"आजी, तुमचा आवाज कुठं ऐकल्यासारखा वाटतो."

"ऐकला असशील. भोंग्यावर होते मी. विटेचं गाणं."

 डंकवालीनं बटण बंद केलं. मुसळं थांबली.

"मग इथं कशाला आलात?" त्या बाईनं विचारलं. "तुमच्या घरी तर तिखटाचाच धंदा."

"तिखट कुटून घ्यायला आलेय. घरात खायला."

"विटेचं?"

"विटा या तू बसलीयस त्याच्या खाली गेल्यात सगळ्या. तू बसलीयस त्या ओट्यात. एकही उरली नाही, ते मी यमकासाठी जुळवलेलं गाणं होतं, तिखट बघून नाही. मला लग्नात गायची खोड आहे, आणि तोंडाला कुलूप नाही. खोटं गायले मी. आता यात वकिलाचं एकही वाक्य नाहीये, कळलं का तुला?"

"कळलं," ती बाई म्हणाली. आणि मग, जरा गालात हसत, "सासरी खूप मार खाल्ला असंल तुम्ही."

"मार नाही, पण समजावण्या फार ऐकल्या."

दुसरी बाई हसली. डंकवाली हसली नाही. आधीच्या दोघींच्या मिरच्या संपेपर्यंत तिनं मला बसवून ठेवलं. मधे एक पोलिसाची बायको आली, तिच्याही मिरच्या माझ्या आधी घेतल्या.  माझा नंबर आला तेव्हा तिनं उखळ रिकामं केलं, फडक्यानं आतून पुसलं, ते फडकं झटकून सगळ्यांना दाखवलं, आणि मग माझी पिशवी उलटी केली. पहिला घाव पडला तसा लाल धूर उठला. मी वाकून उखळात बघितलं. इतकी वाकले की मुसळ डोक्यात बसायचं; तिनं हातानं मला मागं सारलं, "मुसळ डोकावर बठी ना."

चाळून झालं. हातावर घेऊन दाखवलं. रंग असा की सुनेनंही मान डोलावली असती. तिनं पिशवी बांधून दिली, मजुरी घेतली, एक रुपया सोडला नाही. मी उठायला गुडघ्यावर हात टेकला. रस्त्यावरून दोन बाया जाता जाता थबकल्या होत्या, माझ्याकडं आणि डंकाकडं आळीपाळीनं बघत होत्या. तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर तो लाल हात ठेवला. पांढऱ्या लुगड्यावर पाच बोटं उमटली. आणि ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली:

"अक्का, तुनं तिखट व्हई गयं. पन आते उठू नको. दुफारले आखो बाया येतीन, त्यासले बी तू आठे दिखू दे."